कमरेला उघडं पिस्तूल दिसलं, एवढ्यावरून पोलिसांनी अडवावं का?

ईरीकाठचा

इथे अमेरिकेतल्या ओहायोत कमरेला पिस्तूल लावून वाणसामानाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, बागेत फिरणारी माणसं अधूनमधून दिसतात. आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की बहुतेकांचं एकच म्हणणं असतं: "हत्यार लावून फिरणार, मग पोलीस हटकणारच. त्यात चुकलं काय?" मला ते पटत नाही. का पटत नाही ते मांडतो.

2010 च्या उन्हाळ्यात टोलेडो शहरात एक गृहस्थ घरच्यांबरोबर कुत्र्याला फिरवायला निघाले होते. कमरेला होल्स्टर, त्यात पिस्तूल, सगळ्यांना दिसेल असं. एका मोटारसायकलवाल्याने वाटेत थांबून "असं फिरता येत नाही" म्हणून सुनावलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले, पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घातल्या आणि त्यांना जवळजवळ अर्धा तास गाडीत बसवून ठेवलं. शेवटी हातात एक समन्स दिलं. तो आरोपही पुढे टिकला नाही. गृहस्थांनी दावा लावला. 2015 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (ओहायो, टेनेसी अशा काही राज्यांवरचं फेडरल, म्हणजे केंद्राचं, न्यायालय) काय म्हटलं, ते थोडक्यात असं: उघड्या शस्त्रामुळे पोलिसांवर अवघड प्रसंग येतील हे मान्य, पण नागरिकांच्या हाती रस्त्यावर शस्त्र द्यायचं की नाही हे ओहायोच्या विधिमंडळाने ठरवलंय आणि तो निर्णय बाजूला सारायचा अधिकार टोलेडो पोलिसांना नाही. अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षणही मिळालं नाही.

ज्या नियमावर हे सगळं उभं आहे तोही ओहायोतलाच. क्लीव्हलंडच्या एका साध्या वेशातल्या डिटेक्टिव्हने दोघांना एकाच दुकानाच्या काचेसमोरून पुन्हा पुन्हा येरझारा घालताना पाहिलं, त्याला दरोड्याची शंका आली आणि त्याने त्यांची झडती घेतली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1968 मध्ये 'टेरी विरुद्ध ओहायो' हा निकाल लागला, आठ विरुद्ध एक. तेव्हापासून नियम असा: अटकेपुरता पुरावा नसला तरी गुन्हा घडतोय किंवा घडणार आहे असा वाजवी संशय असेल तर पोलीस थोडा वेळ थांबवू शकतात, आणि माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असं वाटायला आधार असेल तर वरवर अंग चाचपू शकतात. संशय कशाचा हवा? गुन्ह्याचा. जी गोष्ट करायला कायद्यानेच मुभा दिली आहे, तीच करताना दिसला म्हणून गुन्ह्याचा संशय येतो, हे म्हणणं टिकतं कसं?

मी स्वतः शस्त्र बाळगत नाही, बाळगायची इच्छाही नाही. पण सरकारने दिलेली मुभा पोलिसाच्या मनाला येईल तेव्हा अर्ध्या तासापुरती गुंडाळून ठेवता येत असेल, तर तिला हक्क म्हणू नये.

माजी_फौजदार

मी महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालो. मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात, त्यामुळे तिकडे येणं-जाणं आहे. तुमचा लेख वाचून स्वस्थ बसवेना.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणालाही कुठलाही पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो. त्याला संशय लागत नाही, तक्रार लागत नाही. परवाना दाखवला की माणूस आपल्या वाटेने जातो. यात कोणाचा अपमान झाला असं मला नोकरीत कधी वाटलं नाही. शस्त्र ही काही छत्री नव्हे. जे हातात आहे त्याने समोरच्याचा जीव जाऊ शकतो, तर 'कागद दाखवा' एवढं विचारायला काय हरकत?

आता बंदोबस्तावरच्या माणसाची बाजू ऐका. समोरच्याचा चेहरा आम्ही नंतर बघतो, आधी बघतो हात. हात खिशात आहेत की बाहेर, कमरेकडे जातोय का, शर्ट एका बाजूला ओढलाय का. अमेरिकेत तर रस्त्यावर दहांतल्या कितींकडे हत्यार असेल याचा नेम नाही. फोन आलाय, 'एक माणूस बंदूक घेऊन चाललाय'. गाडीतून उतरणाऱ्या हवालदाराला तो माणूस कुत्रा फिरवतोय की शाळेच्या दिशेने निघालाय, हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकातून कळणार? त्याने थांबवलं नाही आणि दोन चौक पुढे गोळ्या सुटल्या, तर तुम्हीच म्हणाल, पोलीस झोपले होते का?

डॅलसवासी

फौजदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडं लावायची मुभा मिळाली, रायफल तर आधीपासूनच खांद्यावर चालत होती. 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याचीही अट गेली. मधल्या काळात इथे काय झालं ते आठवा. 7 जुलै 2016 ला डॅलसच्या मोर्चावर गोळीबार झाला, पाच पोलीस मारले गेले. मोर्चात कित्येक जण रायफली घेऊन आले होते, कायद्याने बिनचूक. त्यांतल्याच एकाचा फोटो पोलिसांनी 'संशयित' म्हणून ट्विटरवर टाकला. त्याचा गोळीबाराशी काडीचा संबंध नव्हता, त्याने स्वतः पोलिसाला गाठून रायफल हवाली केली होती. तरी जगभर त्याचा चेहरा फिरला. तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर उघड सांगितलं की गोळ्या सुटायला लागल्यावर रायफलवाल्यांत चांगला कोण आणि वाईट कोण हे आम्हाला ओळखता येत नाही.

त्या माणसाला मोर्चा सुरू होतानाच कोणी थांबवून नाव-गाव विचारून ठेवलं असतं, तर त्याच्यावरची ती वेळ टळली असती.

ईरीकाठचा

डॅलसवासी, मला त्याच प्रसंगातून उलटं दिसतं. त्या माणसावर वेळ आली ती पोलिसांनी 'हत्यार दिसतंय म्हणजे संशयित' असं गृहीत धरल्यामुळे. मी त्याच गृहीतकाविरुद्ध लिहितोय.

फौजदारसाहेब, कलम 19 चा मुद्दा मनापासून मांडलाय, म्हणून उत्तरही नीट देतो. भारतात शस्त्र बाळगणं मुळात बंद आहे आणि परवाना हा त्याला अपवाद. इथे 1791 पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी घटनादुरुस्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या 'हेलर' निकालाने घरात शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला आणि 2022 च्या 'ब्रुएन' निकालाने तो घराबाहेरही नेला. पाया वेगळा, म्हणून पोलिसांचा अधिकारही वेगळा.

आणि परवाना तपासायचाच म्हणाल तर गाडीचं बघा. गाडी चालवायला परवाना लागतोच, गाडीने माणसंही मरतात. तरी 1979 मध्ये 'डेलावेअर विरुद्ध प्राउझ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काही कारण नसताना, नुसतं लायसन्स आहे का बघायला पोलीस वाटेल ती गाडी थांबवू शकत नाहीत. चालकाला जे संरक्षण, ते पिस्तूलवाल्याला का नको?

कुडाळकर

फौजदारसाहेब म्हणतात कागद दाखवला की माणूस आपल्या वाटेने जातो. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायच्या, आणि आचारसंहिता संपेपर्यंत वानर आणि रानडुकरं बागेत मोकाट. वडिलांची बंदूक परत आणायला मी गेलोय. पावती, नूतनीकरणाचा शिक्का, साहेब जागेवर नाहीत, उद्या या. ज्याने आयुष्यात माणसावर नेम धरला नाही तो शेतकरी बाकावर बसून असतो, आणि ज्यांच्याकडे गावठी कट्टे आहेत ते कुठेच जमा करायला जात नाहीत. अधिकार पोलिसाच्या हाती दिला की तो प्रामाणिक माणसावरच चालतो, एवढंच सांगायचंय.

कायद्याची_विद्यार्थिनी

ईरीकाठचा, प्राउझचा दाखला चांगला आहे, पण त्यात एक भोक आहे. गाडीला नंबरप्लेट असते. पोलीस मागून येता येता तो नंबर संगणकात टाकतो, गाडी चोरीची आहे का, मालकाचं लायसन्स रद्द झालंय का, हे न थांबवता कळतं. पिस्तुलाला बाहेरून वाचता येईल असं काही नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला फेडरल कायद्याने शस्त्र बाळगता येत नाही, घरगुती हिंसाचारावरून ज्याच्याविरुद्ध कोर्टाचा आदेश आहे त्यालाही नाही, आणि 2024 मध्ये 'रहिमी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुसरी बंदी आठ विरुद्ध एकने उचलून धरली. मग बंदी कोणावर आहे हे विचारल्याशिवाय कळणार कसं? विचारायचंच नाही म्हटलं तर बंदी कागदावरच राहते.

शिवाय सगळी न्यायालयं तुमच्या बाजूची नाहीत. चौथ्या सर्किटने 2017 मध्ये, सगळे न्यायाधीश बसून, वेस्ट व्हर्जिनियाच्या एका प्रकरणात सांगितलं की कायदेशीरपणे थांबवलेल्या माणसाकडे शस्त्र असेल तर तो पोलिसासाठी धोकादायक आहेच. शस्त्राचा परवाना असला-नसला तरी अंग चाचपता येईल.

ईरीकाठचा

त्या वेस्ट व्हर्जिनियाच्या गाडीला थांबवलं होतं सीटबेल्टसाठी. थांबवायचं कारण आधीच वेगळं होतं. थांबवल्यावर पोलिसाने स्वतःचा जीव सांभाळावा, याला माझा विरोध नाही. प्रश्न त्याआधीचा आहे: थांबवायचं कशावरून? त्याच चौथ्या सर्किटने 2013 मध्ये शार्लटच्या प्रकरणात सांगितलं होतं की जिथे उघडं शस्त्र कायदेशीर आहे तिथे नुसतं शस्त्र दिसणं हे अडवायला कारण होऊ शकत नाही, आणि शस्त्र बाळगणारा प्रत्येक जण सजायाफ्ता आहे असं धरून चालता येत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2019 मध्ये लपवलेल्या शस्त्रालाही हेच लागू केलं. अॅलनटाउनच्या पेट्रोल पंपावर पाळतीच्या कॅमेऱ्यात एकाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, पोलिसांनी गाडी वेढली, आणि त्याच्याकडे परवाना निघाला. बघून परवाना कळत नाही, हे न्यायालयालाही दिसलं. तरी संशयाचा फायदा त्यांनी नागरिकाला दिला.

शर्वरी_मिनेसोटा

तुमची चर्चा वाचतेय आणि अस्वस्थ होतेय. सगळे जण 'नागरिक' म्हणताय, जणू सगळे नागरिक पोलिसाला सारखेच दिसतात.

मी सेंट पॉलजवळ राहते. फाल्कन हाइट्सची लार्पेंटर अव्हेन्यू माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. 6 जुलै 2016 ला तिथे फिलँडो कॅस्टीलची गाडी थांबवली. शाळेच्या कॅफेटेरियाचा सुपरवायझर, काळा माणूस, शस्त्राचा रीतसर परवाना असलेला. त्याने स्वतःहून, 'सर' म्हणून, शांतपणे सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत शेजारी त्याची मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी जूनमध्ये पोलीस अधिकारी निर्दोष सुटला. डॅलसचा तो मोर्चा दुसऱ्याच दिवशी, असल्याच मृत्यूंच्या निषेधात निघाला होता, हेही डॅलसवासींनी सांगायला हवं होतं.

आणि ईरीकाठचा, तुमच्या ओहायोत, डेटनजवळच्या बीव्हरक्रीकमध्ये ऑगस्ट 2014 ला वॉलमार्टमध्ये एक तरुण तिथल्याच फळीवरची छर्‍याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. कोणीतरी 911 या पोलीस मदतीच्या नंबरला कळवलं, पोलिसांनी येऊन त्याला मारलं. त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये बारा वर्षांचा तामीर राइस खेळण्यातल्या बंदुकीपायी गेला. तुमच्या राज्यात उघडी बंदूक कायदेशीर, आणि हे दोघे खऱ्या बंदुकीशिवाय मेले. टोलेडोच्या गृहस्थांना अर्धा तास बेड्या पडल्या म्हणून निकालपत्र मिळालं. या दोघांच्या बाबतीत ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पोलिसांवर आरोपही ठेवले नाहीत.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. रंगाने माझ्यासारखा, उंचीने बापासारखा, डोक्यावर कायम हूड. रात्री त्याला पोलिसाने थांबवलं तर तो कोण म्हणून दिसेल, हे मला ठाऊक नाही. माझं मत सरळ आहे: उघड्यावर शस्त्र न्यायला इलिनॉय आणि न्यूयॉर्कसारखी सगळीकडे बंदी करा. मग पोलिसाला अंदाज करायची वेळ येणार नाही, आणि त्या अंदाजाची किंमत कोणाच्या मुलाला मोजावी लागणार नाही.

डॅलसवासी

शर्वरीताई, मोर्चा कशासाठी होता हे मी लिहायला हवं होतं, बरोबर आहे तुमचं.

कायद्याची_विद्यार्थिनी

शर्वरीताई, तुमची काळजी कळते. पण बंदीचा इतिहासही बघा. कॅलिफोर्नियात 1967 पर्यंत भरलेली बंदूक उघडी घेऊन फिरता येत होतं. ओकलंडचे ब्लॅक पँथर, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे लोक, बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवायला लागले; कोणाला थांबवलं की कायदेशीर अंतर राखून उभे राहायचे आणि थांबवलेल्याला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. लगेच भरलेली बंदूक अशी उघड नेण्यावर बंदी घालणारं आमदार मल्फर्ड यांचं विधेयक आलं. 2 मे 1967 ला पँथर्स सशस्त्र सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली. बंदी आणली ती काळ्या माणसांच्या हातातल्या बंदुकीला घाबरून. तेव्हा बंदी केली की अंदाज थांबतो असं नाही. बंदी असलेल्या शहरात पोलीस 'शर्ट फुगलेला दिसला' म्हणून थांबवतो, आणि कोणाचा शर्ट फुगलेला दिसतो हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणूनच आधी मी ईरीकाठचा यांना खोडलं असलं तरी एका जागी त्यांच्याबरोबर आहे. मायामीच्या एका प्रकरणात निनावी फोन आला की बसथांब्यावर चौकड्याच्या शर्टातल्या मुलाकडे बंदूक आहे. पोलिसांनी झडती घेतली, बंदूक सापडलीही. तरी सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एकमताने झडती बेकायदा ठरवली आणि 'बंदुकीचा विषय आहे म्हणून नियम सैल करा' ही सरकारची मागणी फेटाळली. ती मान्य झाली असती तर शेजाऱ्याचा राग असलेल्या कोणीही एक फोन करून कोणाचीही झडती घडवून आणली असती.

नवा_विसावाला

एक विचारू का? मी एच-वन-बीवर आलोय, ऑफिसातले मित्र शूटिंग रेंजवर चल म्हणतात. टेक्सासात परवाना लागत नाही म्हणे.

ईरीकाठचा

अजिबात जाऊ नका. राज्याला परवाना लागत नसला तरी फेडरल कायद्याने एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र किंवा काडतूस बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याने हातात घेतलेलं पिस्तूलही त्यात मोडतं. वैध शिकारपरवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. हा गंभीर गुन्हा आहे आणि व्हिसाही जाईल. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. मित्राच्या गाडीत बसताना डॅशबोर्डच्या कप्प्यात काय आहे हेही विचारून घ्या.

माजी_फौजदार

शर्वरीताईंनी लिहिलेलं वाचून दोन दिवस विचार केला. कॅस्टीलच्या प्रसंगात त्या अधिकाऱ्याने जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. हात दिसत नसतील तर हात वर करायला लावायचे, मागे सरायचं, मदत मागवायची. हे शिकवलेलं असतं. पण तो अधिकारी घाबरला होता आणि घाबरला होता बंदुकीमुळे, हे विसरू नका.

आता ईरीकाठच्यांना एक प्रश्न. टेनेसीचं प्रकरण मी जावयाकडून ऐकलं. नॅशव्हिलजवळच्या रॅडनर लेक उद्यानात एक जण लष्करी छापाचे कपडे घालून, एके-47 च्या जातीचं पिस्तूल अंगावर लटकवून फिरत होता. कायद्याच्या व्याख्येत ते पिस्तूलच बसत होतं, परवानाही होता. नळीचं टोक खेळण्यासारखं नारिंगी रंगवलेलं. रेंजरने त्याला अडीच तास अडकवून ठेवलं. तुमच्याच सहाव्या सर्किटने 2012 मध्ये रेंजरच्या बाजूने निकाल दिला. मग तुमचं 'कायदेशीर आहे म्हणजे अडवू नये' कुठे गेलं?

ईरीकाठचा

कुठेही गेलं नाही, साहेब. रॅडनर लेक आणि टोलेडो, दोन्ही निकालपत्रं एकाच न्यायाधीशांनी लिहिलीत, जेफ्री सटन यांनी. रॅडनर लेकला त्यांनी 'कायदेशीर असलं तरी चालेल, अडवा' असं म्हटलं नाही. ते शस्त्र उद्यानात चालणाऱ्या पिस्तुलाच्या व्याख्येत बसतं की नाही, हे बघूनच शंका येण्यासारखं होतं आणि रंगवलेलं टोक ती शंका वाढवत होतं. म्हणजे नेमक्या कुठल्या नियमाचा भंग, ते रेंजरला सांगता येत होतं. टोलेडोच्या अधिकाऱ्याला ते सांगता आलं नाही. 'मोटारसायकलवाल्याला भीती वाटली' हा गुन्हा नव्हे. मला पोलिसाकडून एवढंच एक वाक्य हवंय: कुठला गुन्हा, आणि तुम्ही काय पाहिलं. ते वाक्य असेल तर थांबवा, नक्की थांबवा.

आणि ते नसलं तरी पोलिसाचे हात बांधलेले नाहीत. तो चालत जाऊन नमस्कार करू शकतो, "कुठे निघालात?" विचारू शकतो. समोरच्याला उत्तर न देता निघून जायची मोकळीक असली की झालं. अंतर ठेवून दोन चौक लक्षही ठेवू शकतो. शाळेकडे वळला, पिस्तूल होल्स्टरबाहेर काढलं, कोणाला धमकावलं, तर त्या क्षणी चित्र बदलतं.

शर्वरीताई, तुम्ही म्हणता बेड्या पडलेल्याला निकालपत्र मिळालं आणि मेलेल्यांना काहीच नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पोलिसाला 'बंदूक दिसली एवढं पुरे' हा अधिकार कायम केला तर तो तुमच्या मुलावर टोलेडोच्या गृहस्थांपेक्षा जास्त वेळा चालवला जाईल, ही भीती तुम्हालाही असणार.

शर्वरी_मिनेसोटा

आहेच. पण 'कारण सांगा' म्हटलं की पोलीस कारण सांगायला शिकतो. कॅस्टीलची गाडी थांबवायलाही कारण होतं, मागचा दिवा बंद असल्याचं. शिवाय काही दिवस आधीच्या एका दरोड्यातल्या संशयिताशी त्याचं रुंद नाक जुळतं, असं अधिकारी रेडिओवर म्हणाला होता. तुमचं ते एक वाक्य त्याच्याकडे तयार होतं. म्हणून मी शस्त्रच रस्त्यावरून काढा म्हणतेय, आणि ते बदलणार नाही.

माजी_फौजदार

ईरीकाठचा, अंतर ठेवून दोन चौक लक्ष ठेवायला एक मोकळा माणूस लागतो. रात्रपाळीला आमच्या ठाण्यात गाडी एक, माणसं दोन, आणि कॉल तीन पडून असायचे. तुमच्याकडच्या लहान गावांत एकटाच अधिकारी गस्त घालतो असं जावई सांगतो. त्याने कुत्रा फिरवणाऱ्यामागे वीस मिनिटं घालवली तर त्या वेळात घरातल्या मारहाणीच्या फोनवर कोण जाणार? दोन मिनिटांत कागद बघून त्याला सोडलं असतं, तर तो तिकडे पोहोचला असता. हे कुठल्याच निकालपत्रात मला दिसलं नाही.